तापलेला रस्ता आणि तराजूचा प्रश्न

डांबरी रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान आणि त्याच ठिकाणच्या हवेचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांच्यातले अंतर वीस-पंचवीस अंशांच्याही पुढे जाते. वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा हवेचा असतो, आणि तोही एका ठरावीक हवेचा: जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, वारा खेळता ठेवून मोजलेल्या हवेचा. टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ही पेटी १८६४ मध्ये सुचवली. थर्मामीटरवर थेट ऊन पडू नये आणि खालच्या जमिनीची धग त्याला लागू नये, यासाठीच तिची सगळी रचना आहे. रस्ता मात्र दिवसभर उन्हातच पडलेला असतो, आणि जी धग पेटीबाहेर ठेवली जाते ती त्याचीच असते. म्हणून ‘आज पारा चाळिशीवर’ ही बातमी पूर्ण खरी असते आणि तरीही रस्त्यावरून चालणाऱ्या पायांविषयी ती काहीच सांगत नाही. मोजमाप खरे आहे, पायाला बसलेला चटकाही खरा आहे. मग रस्ता किती तापला आहे, याचे उत्तर एकच असते का, आणि ते देण्याचा अधिकार कोणत्या प्रमाणाचा? भारतीय दर्शनांनी प्रमाण (जाणण्याचे साधन) आणि प्रमेय (जाणण्याचा विषय) या शब्दांत जी चर्चा शतकानुशतके केली, तिच्या मध्यभागी हा प्रश्न आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वसलेल्या तीन शहरांत हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. ही शहरे उल्हास नदीच्या खोऱ्यात, समुद्रापासून बरीच आत आहेत. नैर्ऋत्येला मलंगगड आणि चंदेरीची डोंगररांग उभी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटले की हवेचे तापमान उतरू लागते. इथवर ते वारे उशिरा आणि निम्मे दमलेले पोहोचतात. ज्या दिवशी पूर्वेकडून कोरडा वारा वाहतो त्या दिवशी ते आणखी रेंगाळतात, आणि मुंबईत चौतीस-पस्तीस अंश असताना या खोऱ्यात चाळिशी ओलांडली जाते. मेच्या मध्याला येथे शून्य सावली दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि रस्त्याला त्याच्यापासून लपायला जागाच उरत नाही.

रस्त्याचे तापमान हवेच्या नोंदींवरून काढता यावे, असा प्रयत्न अभियंत्यांनी फार पूर्वीच केला. ई. एस. बार्बर यांनी १९५७ मध्ये वेधशाळेच्या नोंदींवरून रस्त्याचे कमाल तापमान गणिताने मांडून दाखवले. पुढे अमेरिकेतल्या महामार्ग संशोधनातून १९९३ च्या सुमारास एक सोपे सूत्र रूढ झाले. त्यात हवेचे कमाल तापमान आणि त्या जागेचे अक्षांश एवढे दोनच आकडे घालावे लागतात. अंबरनाथ-बदलापूरचे अक्षांश १९.२ घातले की पृष्ठभाग हवेपेक्षा सुमारे २६.५ अंशांनी अधिक तापेल, असे उत्तर येते. हवा ४० अंश असेल तर रस्ता ६६ अंशांच्या पुढे, आणि पृष्ठभागाखाली दोन सेंटीमीटरवर साधारण ६३. निरभ्र आकाश आणि बेताचा वारा या सूत्रात गृहीत धरले आहेत. त्यामुळे हे आकडे रोजचे समजू नयेत. कडक उन्हाच्या दिवसाची ती वरची हद्द आहे.

या आकड्यांची गरज व्यवहारातही आहे. रस्त्याला वापरतात ते बिट्युमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणारा गाळ. मराठीत त्याला डांबर म्हणतात, जरी काटेकोरपणे डांबर म्हणजे दगडी कोळशापासून निघणारा निराळा पदार्थ. बिट्युमेन विशिष्ट तापमानाला वितळत नाही. ते हळूहळू मऊ होत जाते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७३ नुसार व्हीजी-३० या प्रतीचा मृदुबिंदू किमान ४७ अंश असावा लागतो. म्हणजे मेच्या दुपारी बदलापूरच्या रस्त्यातले डांबर आपला मृदुबिंदू ओलांडून गेलेले असते आणि भार पेलतो तो एकमेकांत अडकलेल्या खडीचा सांगाडा. जिथे तो कमी पडतो तिथे जड वाहनांच्या चाकांखाली चाकोरी पडते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हेच मानक डांबराची प्रत निवडताना हवेच्या तापमानाचा आधार घेते: सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तर व्हीजी-३०, त्याहून अधिक असेल तर व्हीजी-४०. रस्त्याविषयीचा निर्णय हवेला विचारून घेतला जातो. हे अनुमान आहे, आणि अनुमान कुठे टिकते आणि कुठे कोसळते हे पाहण्याआधी ही उष्णता मुळात कुणाची, हे ठरवावे लागते.

भारतीय दर्शनांपैकी वैशेषिकांनी स्पर्शाचे तीन प्रकार मानले. शीत स्पर्श पाण्याचा, उष्ण स्पर्श तेजाचा, आणि पृथ्वी व वायू यांचा स्पर्श अनुष्णाशीत, म्हणजे ना गरम ना थंड. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हा विभाग अगदी सुरुवातीच्या पाठांतच येतो. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये निघाली, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी न्यायाची धुळाक्षरे तिच्यावर गिरवली. या मताप्रमाणे तापलेल्या दगडाची उष्णता दगडाची नसते. तेजाचे कण त्यात शिरलेले असतात आणि हाताला जाणवतो तो त्यांचा स्पर्श. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उष्णता हा एक सूक्ष्म द्रव पदार्थ आहे असे मानणारे पुष्कळ होते. आज दोन्ही मते मागे पडली आहेत. उष्णता म्हणजे कणांची हालचाल आणि एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. म्हणून वैशेषिकांना आधुनिक भौतिकशास्त्र आधीच कळले होते असे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करते आणि भौतिकशास्त्रावरही. त्यांच्या विभागात एक विचार मात्र असा आहे की तो टिकला आहे: ताप हा पृथ्वीचा स्वभाव नाही, तो आलेला आहे. त्यामुळे तापलेल्या रस्त्याविषयी पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कुठून आला’ हाच.

तो येतो मुख्यतः सूर्याकडून. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर नऊशे ते हजार वॅट ऊर्जा पडते. नवा डांबरी रस्ता त्यातली जेमतेम पाच टक्के परत फेकतो. वर्षे गेली, डांबर झिजून खडी उघडी पडली, धूळ बसली की हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर जाते. सिमेंट काँक्रीट पाव ते तिसरा हिस्सा परत पाठवते, म्हणून ते उन्हात डांबराइतके तापत नाही. दुसरा हिस्सा आकाशाचा. हवेतली वाफ, ढग आणि धूळ स्वतः उष्णतेचे किरण सोडतात आणि ते अहोरात्र रस्त्यावर उतरत असतात. रस्ताही गप्प बसत नाही. साठ अंशांवरचा एक चौरस मीटर रस्ता सुमारे ६६० वॅट ऊर्जा वर सोडतो. तीस अंशांवर तोच रस्ता साडेचारशेच्या आसपास. जितका तापेल तितका अधिक देईल, आणि या देण्यामुळेच त्याच्या तापाला हद्द पडते. उरलेले काम वारा आणि जमीन करतात. वारा पृष्ठभागावरची गरम हवा सरकवून नवी आणतो. एकाच उन्हात शांत दुपार आणि वाऱ्याची दुपार यांत कित्येक अंशांचा फरक पडतो. काही ऊर्जा खाली मुरते. दिवसाच्या चढउताराची लाट रस्त्यात बारा-चौदा सेंटीमीटर खोल जाईपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश उरते, आणि तिथला सर्वांत तापलेला क्षण पृष्ठभागाच्या पुष्कळ मागून येतो. वरचा थर उतरणीला लागलेला असतो तेव्हा खालचा अजून चढत असतो.

या सगळ्या देवाणघेवाणीत रस्त्याचे तापमान म्हणून जे काही आहे ते म्हणजे क्षणभर साधलेला तोल. सूर्य, आकाश, वारा, पाणी आणि खालची जमीन यांतले एक जरी हलले तरी तो आकडा हलतो. रस्त्याच्या अंगी चिकटलेला गुण म्हणून त्याच्याकडे पाहिले की मोजणारा चुकतो.

आता अनुमानाकडे परत यावे लागते. हवा तापते तेव्हा रस्ता तापतो, हे साहचर्य वर्षभराच्या नोंदींत ठळक दिसते. त्यावरून हवा रस्त्याला तापवते असे ठरवणे सोपे असते, आणि दुपारपुरते तरी ते उलटे असते. रस्त्याचा पृष्ठभाग मध्यान्हानंतर थोड्याच वेळात कमाल गाठतो, हवा त्यानंतर दोन-तीनच्या सुमारास. तापलेला रस्ताच वरच्या हवेला तापवत असतो. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी अशा फसव्या साहचर्यासाठी एक नेमका शब्द ठेवला आहे: उपाधी. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. कारण धुराला ओले सरपण लागते. ओले सरपण ही तिथली उपाधी. हवा आणि रस्ता यांच्या संबंधात हीच जागा उन्हाची आहे. अंबरनाथच्या एखाद्या जुन्या रस्त्यावर मोठ्या झाडाची सावली अर्धा रस्ता व्यापते, तेव्हा दोन्ही अर्ध्यांवरची हवा जवळजवळ एकच असते. उन्हातला भाग साठीकडे गेलेला असताना सावलीतला हवेच्या थोडाफार आगेमागे राहतो. हवा तीच, रस्ता तोच, ऊन काढले आणि ताप गेला. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे एक असताना दुसरे असणे आणि नसताना नसणे, यांची परीक्षा इतकी स्वच्छ क्वचितच मिळते. उपाधी ओळखल्याशिवाय केलेले अनुमान आकड्यांनी कितीही सजवले तरी पांगळे राहते. रस्तारुंदीसाठी झाड तोडताना त्या सावलीत नेमके काय होते, हे कुणी मोजून ठेवत नाही, ठेवले पाहिजे.

मोजण्याची साधने मुख्यतः दोन जातींची. एक रस्त्याला स्पर्श करते, दुसरे दुरून पाहते. पहिल्या जातीत दोन धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला थर्मोकपल आणि प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजणारा संवेदक येतो. तो पृष्ठभागाच्या लगत, काही मिलिमीटर खोल खाच करून बसवतात. नुसता वर ठेवून चालत नाही. उन्हात ठेवलेले थर्मामीटर स्वतःही ऊन खाते, स्वतःही वाऱ्याला लागते आणि शेवटी सांगते ते स्वतःचेच तापमान. कुठलेही थर्मामीटर कधीच याहून वेगळे काही सांगत नाही. ते रस्त्याचे तापमान ठरते ते थर्मामीटर आणि रस्ता एकरूप झाले आहेत या विश्वासावर, आणि तो विश्वास खाच कशी केली, चिकटवायला काय वापरले, तार कुठून नेली यावर उभा असतो. भारतीय रस्ते महासभेच्या पद्धतीत बेन्कलमन तुळईने रस्त्याची लवचीकता मोजतात, तेव्हा रस्त्यात चार-पाच सेंटीमीटर खोल भोक पाडून त्यात ग्लिसरीन भरतात आणि मग थर्मामीटर घालतात. ग्लिसरीन थर्मामीटर आणि रस्ता यांच्यातली हवेची फट बुजवते. हे वाचन ३५ अंशांच्या प्रमाण तापमानाशी जुळवून घेतल्याखेरीज दोन दिवसांच्या मोजण्यांची तुलनाच करता येत नाही. ग्लिसरीनचा तो थेंब इंद्रिय आणि अर्थ (विषय) यांचा संनिकर्ष (संपर्क) घडवून आणतो. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष ज्ञानाची पहिली अट म्हणून हाच संनिकर्ष सांगितला.

दुसऱ्या जातीचे साधन रस्त्याने सोडलेले अवरक्त किरण टिपते. विल्यम हर्शेलला १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, थर्मामीटर चढलेला आढळला. नैयायिकांनी तापलेल्या पाण्यातल्या तेजाचे वर्णन करताना म्हटले होते की त्याचा स्पर्श उद्भूत असतो आणि रूप अनुद्भूत. चटका बसतो, दिसत काही नाही. हातात धरायचे अवरक्त थर्मामीटर जणू हे अनुद्भूत रूप उद्भूत करते. पण ते पाहते ते फक्त सर्वांत वरची त्वचा. डांबराची उत्सर्जकता ०.९३ ते ०.९५ धरावी लागते. ती चुकली की वाचन चुकते. उपकरण फार तिरके धरले तर आकाशाचे परावर्तन मिसळते. आणि पावसात रस्त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तर साधन त्या पाण्याचे तापमान सांगते, कारण या किरणांना पाणी अपारदर्शक असते. मोजणारा रस्त्याकडे बोट दाखवत असतो आणि उत्तर पाणी देत असते.

येथे तो प्रश्न उभा राहतो ज्यापाशी सगळी मोजमापे शेवटी येऊन थांबतात. थर्मामीटर रस्ता मोजते. थर्मामीटर बरोबर आहे हे कशाने मोजायचे? दुसऱ्या थर्मामीटरने म्हटले तर त्याला तिसरे लागेल आणि अनवस्था ओढवेल. स्वतःच स्वतःला सिद्ध करते म्हटले तर मग कोणतेही साधन तसेच म्हणू शकेल. नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणवाद्यांना नेमके या कात्रीत पकडले. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याला जे उत्तर आहे ते तराजूचे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू प्रमाण असतो आणि सोने प्रमेय. पण ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे अशा सोन्याने दुसरा तराजू तपासतात, तेव्हा तो तराजू प्रमेय होतो आणि सोने प्रमाण. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या जाती नाहीत. त्या भूमिका आहेत. एकच वस्तू एका व्यवहारात एक आणि दुसऱ्यात दुसरी होते.

रस्त्यावर नेण्याच्या थर्मामीटरचे अंशांकन हा या सूत्राचा चालता-बोलता अर्थ आहे. ते आधी शुद्ध पाण्याच्या ठेचलेल्या बर्फात बुडवतात. तिथे शून्य दाखवावे लागते. म्हणजे तिथे बर्फ प्रमाण आणि थर्मामीटर प्रमेय. मग तेच रस्त्यावर जाऊन प्रमाण होते. बर्फाच्या मागे प्रमाण थर्मामीटर, त्याच्या मागे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, तिच्या मागे पाण्याचा त्रिबिंदू, अशी ही परंपरा जाते. २० मे २०१९ पासून तिच्या मुळाशी पाणीही राहिले नाही. बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्य निश्चित करून केल्विनची व्याख्या त्यावर ठेवली गेली. म्हणजे साखळी अनंत नाही, ती एका ठरावापाशी थांबते. त्या ठरावावर विश्वास का ठेवायचा? मीमांसक म्हणतील, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक समोर येईपर्यंत ते खोटे मानण्याचे कारण नाही. नैयायिक म्हणतील, प्रामाण्य बाहेरून कळते, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली की. क्षेत्रावर काम करणारा अभियंता दोघांचेही ऐकतो. सकाळी उपकरण काढताना तो मीमांसक असतो, कारण प्रत्येक वाचनावर संशय घेतला तर कामच होणार नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात चाकोरी पडली की नाही हे बघायला जातो तेव्हा नैयायिक. आकड्याचे खरेपण रस्त्याच्या वागण्यातून परत येते, ही नैयायिकांची बाजू अधिक टिकाऊ वाटते. कारण मोजमाप जगासाठी असते, उपकरणासाठी नव्हे.

जगात पाय आहेत, आणि त्यातले पुष्कळ अनवाणी. नैयायिकांच्या मते स्पर्श जाणणारे त्वगिंद्रिय वायूचे बनलेले, म्हणजे स्वतः अनुष्णाशीत. तटस्थ असल्यामुळेच ते गरम-थंड ओळखू शकते. जॉन लॉकने १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच्या उलट जाणारा एक अनुभव नोंदवला: एकच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागू शकते. इंद्रिय तटस्थ नसते. पायाचे स्वतःचे तापमान असते आणि तो रस्त्याचे तापमान मोजत नाही. रस्त्याकडून आपल्यात किती वेगाने ऊर्जा शिरते ते मोजतो. तेहतीस अंशांचा तळवा साठ अंशांच्या डांबरावर टेकला की स्पर्शाच्या जागी साधारण ४६ अंश होतात. काळ्या बसाल्ट दगडावर, तोही साठ अंशांवरच असला तरी, हा आकडा पन्नासच्या जवळ जातो, कारण दगड उष्णता अधिक झपाट्याने देतो. तरटावर तो बराच खाली राहतो. थर्मामीटर तिन्हींना एकच साठ म्हणेल. पाय तीन उत्तरे देईल, आणि तिन्ही खरी असतील. वेदनेची जाणीव ४३ अंशांच्या आसपास सुरू होते. ती जागवणाऱ्या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. भाजण्यात काळही मोजावा लागतो. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी दाखवले की ४४ अंशांना कातडी भाजायला सुमारे सहा तास लागतात, साठ अंशांना काही सेकंद पुरतात. म्हणून तापल्या रस्त्यावर माणूस भरभर चालतो आणि देवस्थानांच्या अंगणात तरट अंथरून पाणी मारतात. तिथल्या सेवेकऱ्यांना तापमान आणि वेळेची ही सारणी कुणी शिकवलेली नसते. त्यांच्याकडे तिचे प्रत्यक्ष आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले हे मंदिर इथल्याच काळ्या दगडात, वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. त्याचे गर्भगृह पायऱ्या उतरून खाली जावे लागते इतके खोल आहे. अंगणातला दगड दुपारी पाय टेकू देत नाही तेव्हाही तिथे गारवा असतो, कारण दिवसाची लाट तिथवर पोहोचत नाही. महाशिवरात्रीची इथली मोठी जत्रा आणि माघी पौर्णिमेचा मलंगगडाचा उरूस, दोन्ही ऊन कडक होण्याच्या आधी येतात. रामनवमीला शिर्डी गाठण्यासाठी मुंबई-ठाण्याकडून निघणारे पदयात्री मात्र चैत्राच्या उन्हात महामार्गावर असतात. जैन साधू-साध्वींचा अनवाणी विहार पावसाळ्याचे चार महिने सोडले तर याच डांबरावरून चालतो. ज्या काळात आचारनियम घडले त्या काळी पायाखाली माती होती.

तप आणि ताप एकाच धातूचे. तापमान मोजणारा शब्द आणि व्रतस्थाचा शब्द सख्खे भाऊ आहेत, आणि म्हणूनच या दोहोंची गल्लत होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे तप सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातल्या भूतांना पीडणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. अनवाणी चालण्याच्या नवसात अर्पण केलेली वस्तू कोणती, हा मग खरा धर्मविचार होतो. संकल्प, सोडलेली सोय, चालण्यातले नाम ही अर्पणे ओळखता येतात. साठ अंशांच्या डांबराने आलेला फोड यांपैकी कशातही मोजता येत नाही. तो नवसापूर्वी नव्हता आणि नवसाने मागितलेला नव्हता. तो रस्त्याने दिला, आणि रस्ता माणसाने केला. पहाटे चालून दुपारी थांबणाऱ्या पालख्यांनी तप कमी केले असे कुणी म्हणणार नाही.

या तापाचे वर्गीकरणही अवघड आहे. सांख्यकारिकेवरच्या गौडपादांच्या भाष्यात थंडी, उष्णता, वारा, पाऊस, वीज यांपासून होणारे दुःख आधिदैविक म्हटले आहे. माणूस, पशू, पक्षी यांपासून होणारे आधिभौतिक. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात तिन्ही तापांना एकेक समास दिला आणि आधिदैविकाचा अर्थ मरणोत्तर यातनांकडे वळवला. सांख्यांच्या विभागात तरी तापलेला रस्ता कुठे ठेवायचा? ऊन दैवाचे आहे. पाच टक्केच ऊन परत पाठवणारा काळा थर, तोडलेली झाडे आणि सावलीवाचून सोडलेली वाट ही माणसांची करणी आहे. मोजमापाने हे दोन वाटे वेगळे करता येतात: सावलीतल्या रस्त्याचे तापमान हा दैवाचा वाटा मानला, तर उन्हातल्या रस्त्याने त्यावर चढवलेले वीस-पंचवीस अंश आधिभौतिकाच्या खात्यावर लिहावे लागतील.

पाऊस या हिशेबाची पाने उलटवतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पहिली सर तापल्या रस्त्यावर येते तेव्हा पृष्ठभाग काही मिनिटांत वीस-पंचवीस अंश उतरतो. खाली पाच सेंटीमीटरवर मात्र अजून दुपारच असते, आणि उष्णतेचा ओघ दिशा बदलून वर येऊ लागतो. एक मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाताना दर चौरस मीटरमागे जवळजवळ २४ लाख ज्यूल घेऊन जाते, म्हणजे तासभर पावणेसातशे वॅट. जुलैच्या अखेरीस सूर्य दुसऱ्यांदा या तीन शहरांच्या बरोबर माथ्यावर येतो. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत तेव्हा झुलेलालाचे चाळीस दिवसांचे चालिहो व्रत चालू असते. सूर्य मे महिन्यातलाच आणि त्याच कोनातला, पण ढगांआडून येणारा प्रकाश मेच्या मानाने बराच कमी असतो. ओला रस्ता हवेच्या आसपास, तीस अंशांच्या घरात राहतो, आणि त्याच्यावर रोखलेले अवरक्त थर्मामीटर पाण्याचे तापमान दाखवत असते.